एफपीएम: फोर्ट्रानच्या मॉड्यूलची रांग लावणारं टूल, वर्षभर वापरून लिहितेय

पाऊस झाला ४० मिलीमीटर आणि रानातून वाहून गेलं ६३ मिलीमीटर. मागच्या जूनमध्ये रानातल्या पाण्याचा हिशोब करणाऱ्या माझ्या मॉडेलनं, म्हणजे फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामनं, औसा तालुक्यातल्या एका सोयाबीनच्या रानासाठी हा आकडा दिला आणि मी तो तसाच तक्त्यात टाकून सरांना पाठवला पण, कारण प्रोग्राम कुठं अडकलाच नव्हता, एरर नाही, वॉर्निंग नाही, गुमान चालला आणि फाईल लिहून मोकळा झाला. संध्याकाळी सरांचा फोन आला, म्हणले, "अगं, आभाळातून पडलं त्याच्यापेक्षा जास्त पाणी रानातून कसं वाहील?" मला त्या रात्री झोप लागली नाही. मी लातूरची आहे, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस काढलेत, घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेय, त्याच्यामुळं पाण्याचा हिशोब आपल्या हातून चुकला की लई लागतं.

चार दिवस शोधलं. कर्व्ह नंबरचं, म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते काढायचं गणित तपासलं, पावसाची फाईल तपासली, एकेक ओळ प्रिंट लावून बघितली, सगळं बरोबर. शेवटी वैतागून कंपाईल करताना, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत करताना, बनलेल्या सगळ्या डॉट ओ आणि डॉट मॉड फायली उडवल्या आणि पहिल्यापासून कंपाईल केलं तर तोच प्रोग्राम, तीच पावसाची फाईल, आणि आकडा आला ११ मिलीमीटर. कोडमध्ये चूक नव्हतीच, चूक मेकफाईलमध्ये होती, म्हणजे कुठली फाईल कशावर अवलंबून आहे ते मेक ह्या टूलला सांगणाऱ्या फाईलमध्ये, माझ्याच हातानं लिहिलेल्या.

झालं काय ते नीट सांगते, कारण फोर्ट्रान लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी गाठतंच. आमच्या कोडात मातीच्या थराचा एक टाईप, म्हणजे एकत्र बांधलेल्या आकड्यांचा गठ्ठा, आहे, थर_मॉड नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या एका वेगळ्या भागात, त्यात जाडी, फील्ड कपॅसिटी, विल्टिंग पॉईंट असले आकडे. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस आधी त्या भेगांत जातो, मग रानावरून वाहतो, तर मी त्या टाईपमध्ये मधोमध "भेग" नावाचा एक नवा आकडा घातला. आता हा टाईप वापरणाऱ्या सगळ्या फायली परत कंपाईल व्हायला पाहिजेत ना, पण मेकफाईलमध्ये वाहत्या पाण्याच्या फाईलपुढं थर_मॉडचं नाव लिहायचं राहिलं होतं, म्हणून ती फाईल जुन्याच मांडणीनं कंपाईल झालेली तशीच राहिली आणि जिथं फील्ड कपॅसिटी असायची तिथून ती भेगेचा आकडा उचलायला लागली. कंपाईल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला नाव जुळलं की बास, आतली मांडणी बदललीय का हे तो बघत नाही. अन् म्हणूनच हा प्रकार घातक आहे. मॉड फाईल सापडली नाही तर कंपायलर निदान ओरडतो, जुनी असली तर कुणीच काही बोलत नाही.

तेव्हापासून मी एफपीएमवर आले, म्हणजे फोर्ट्रान पॅकेज मॅनेजर, आता वर्ष होऊन गेलं. फुकट आहे, एमआयटी लायसन्स, फोर्ट्रान लँग नावाच्या मंडळींनी २०२० च्या आसपास सुरू केलं, रस्ट भाषेवाल्यांचं कार्गो आहे ना त्याच्या धर्तीवर, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे हे टूल स्वतःच फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं आहे. माझे मार्क पाचपैकी साडेचार. अर्धा कामून कापला ते पुढं येईलच.

पण आधी हे समजून घ्या की फोर्ट्रानमध्येच ही क्रमाची पंचाईत का आहे, सीवाल्या पोरांना का नाही. मेक हे टूल १९७६ चं, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं, सीच्या जमान्यातलं. सीमध्ये हेडर फाईल आपण आधीच हातानं लिहून ठेवतो, ती डिस्कवर असतेच, कुठलीही फाईल कुठल्याही क्रमानं कंपाईल करा चालतंय. फोर्ट्रानमध्ये मॉड्यूल आले ते फोर्ट्रान ९० पासून, आणि तिथं डॉट मॉड फाईल ही कंपाईल करताना जन्माला येते. म्हणजे एका फाईलमध्ये "यूज थर_मॉड" लिहिलं असलं तर आधी थर_मॉडवाली फाईल कंपाईल होऊन तिची मॉड फाईल पडायला पाहिजे, मगच दुसरीचा नंबर. त्यात फाईलचं नाव आणि मॉड्यूलचं नाव एक असायलाच पाहिजे असं काही बंधन नाही, एका फाईलमध्ये तीन मॉड्यूल पण असू शकतात, तर नुसती नावं बघून मेकला काहीच कळत नाही. जीफोर्ट्रान हा कंपायलर मग सांगतो की अमुक मॉड फाईल वाचायला उघडता येत नाही, अशी फाईलच नाही. नवीन पोरं तिथंच गार पडतात, त्यांना वाटतं काहीतरी इन्स्टॉल करायचं राहिलंय.

आमच्याकडं ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे मेक हायफन के लावून, म्हणजे एरर आली तरी न थांबता, तीनदा चालवायचं. खरंच सांगतेय. पहिल्यांदा चालवलं की ज्या फायलींना कुणाची गरज नाही त्यांच्या मॉड पडतात, दुसऱ्यांदा त्याच्या वरच्या, तिसऱ्यांदा होऊन जातं. सरांनी त्यांच्या सरांकडून हेच शिकलेलं, मी सरांकडून. आणि ते चालतं, म्हणूनच त्यात काही चूक आहे हे कुणाला वाटत नाही. एकदा सगळ्या मॉड फायली पडल्या की त्या तिथंच राहतात, क्रम चुकीचा असला तरी जुन्या मॉडवर गाडी पुढं सरकते, आपल्या लॅपटॉपवर सगळं गोड दिसतं, आणि मग कोड दुसऱ्याला दिला की त्याच्या कोऱ्या फोल्डरमध्ये पहिल्याच फाईलला आडवं पडतं. नांदेडच्या एका मैत्रिणीला मी कोड दिला तेव्हा अगदी असंच झालं, ती बिचारी दोन दिवस माझ्याशी फोनवर, मी म्हणायले माझ्याकडं तर चालतंय. शेवटी मीच तिला म्हणले तीनदा मेक मार. मेकला हायफन जे चार देऊन चारी कोअरवर एकदम चालवायचं म्हणलं तर अजून गंमत, कधी होतं कधी होत नाही, कुठली फाईल आधी संपली त्याच्यावर सगळं.

मधी मी स्वतः एक स्क्रिप्ट पण लिहिली होती, ग्रेप हे शब्द शोधणारं टूल लावून प्रत्येक फाईलमधल्या "मॉड्यूल" आणि "यूज" ने सुरू होणाऱ्या ओळी काढायच्या आणि त्यावरून मेकफाईल तयार करायची. वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्याच झटक्याला स्क्रिप्टनं सांगितलं की माझ्या कोडात "प्रोसीजर" नावाचं एक मॉड्यूल आहे आणि ते चार फायलींमध्ये आहे. असं मॉड्यूल नव्हतंच, इंटरफेसच्या आत "मॉड्यूल प्रोसीजर" अशी ओळ लिहितात ती तिनं उचलली होती. ते सुधारलं तर "यूज्ड_वॉटर बरोबर शून्य" ही साधी ओळ तिला यूज वाटली. ते सुधारलं तर सरांच्या जुन्या फायलींत सगळं कॅपिटलमध्ये, फोर्ट्रानला लहानमोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही पण ग्रेपला पडतो. मग "यूज कॉमा इंट्रिन्सिक" वाल्या ओळी, आयएसओ_फोर्ट्रान_एन्व्ह वगैरे, ते मॉड्यूल कंपायलरच्या पोटातच असतात, त्यांची फाईल शोधत बसायचं नसतं, माझी स्क्रिप्ट शोधत बसली. मेकडेपएफ९० सारखी तयार टूल्स ह्याच कामासाठी आहेत आणि ती माझ्या स्क्रिप्टपेक्षा कितीतरी चांगली आहेत, ज्यांना मेक सोडायचंच नाही त्यांनी ती जरूर वापरावीत, पण ती आठवणीनं परत चालवावी लागतात किंवा मेकफाईलमध्येच नीट बसवावी लागतात, आणि मी विसरणार हे मला माहीत होतं.

आता एफपीएम. लावायला सोपं आहे, कोंडा हे पॅकेज लावणारं टूल वापरत असाल तर कोंडा फोर्जवर आहे, नाहीतर गिटहबवरून तयार बायनरी उतरवायची आणि पाथमध्ये ठेवायची, बास. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवलं, लाईट गेलेली होती, तरी चहा होईपर्यंत झालं. जीफोर्ट्रान आणि गिट आधी असायला पाहिजे. मग "एफपीएम न्यू" म्हणलं की एक फोल्डर मिळतं, त्यात एसआरसी म्हणजे मॉड्यूल ठेवायची जागा, ॲप म्हणजे मुख्य प्रोग्राम, टेस्ट म्हणजे चाचण्या, आणि एफपीएम डॉट टॉमल नावाची छोटीशी फाईल. त्या टॉमलमध्ये कुठल्याच सोर्स फाईलचं नाव लिहायचं नाही. हे मला पहिल्यांदा पटेचना. ३१ फायली एसआरसीमध्ये टाकल्या, "एफपीएम बिल्ड" मारलं, आणि त्यानं स्वतः प्रत्येक फाईल वाचली, कोण कुठलं मॉड्यूल देतंय आणि कोण कुणाला यूज करतंय ह्याची साखळी लावली, आणि खालून वर एकेक कंपाईल करत गेलं. आधी एकक आणि स्थिरांकांची फाईल, मग थर_मॉड, मग हवामान, मग वाहतं पाणी, मग झिरपा, मग पीक, सगळ्यात शेवटी मुख्य प्रोग्राम. मी स्क्रीनकडं बघत बसले, हाच क्रम मी वहीच्या मागच्या पानावर बाण काढून काढून लिहून ठेवला होता आणि त्यात दोन बाण चुकलेले होते हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या बिल्डला ते फाईलची वेळ बघत नाही, आतला मजकूर बदललाय का ते बघतं, त्याचा एक अंगठ्याच्या ठशासारखा आकडा काढून ठेवतं आणि तो जुळवतं. थर_मॉड बदललं की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं परत कंपाईल होतं, कुणी विसरायचा प्रश्नच येत नाही. भेगेचा तो प्रकार मी मुद्दाम परत करून बघितला, टाईपमध्ये मधोमध एक फालतू आकडा घातला आणि बिल्ड मारलं, वाहत्या पाण्याची फाईल मी न सांगता परत कंपाईल झाली, रनऑफ, म्हणजे वाहून गेलेलं पाणी, ११ चं ११. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, मी तेवढ्या रात्री सरांना मेसेज केला.

अजून एक गोष्ट जी कुणी सहसा सांगत नाही. मॉड फाईल ही कंपायलरची खासगी भाषा असते, जीफोर्ट्राननं लिहिलेली इंटेलच्या कंपायलरला वाचता येत नाही, आणि जीफोर्ट्रानच्याच फार जुन्या आणि नव्या आवृत्तीचं पण एकमेकांशी जमेलच असं नाही, तो स्पष्ट सांगतो की ही फाईल दुसऱ्या आवृत्तीनं बनवलेली आहे. एफपीएम बिल्ड फोल्डरमध्ये कंपायलर आणि त्याला दिलेले पर्याय म्हणजे फ्लॅग्ज ह्यांच्यावरून वेगवेगळी उपफोल्डरं करतं, त्यामुळं डिबगचं (चुका शोधायचं) आणि रिलीजचं (वेगात चालवायचं) एकमेकांत मिसळत नाही. मी आधी डिबगसाठी बाऊंड चेक लावायचे, मग रिलीज करायचे, अर्ध्या फायली ह्याच्या अर्ध्या त्याच्या. आता दोन्ही शेजारी शेजारी सुखानं राहतात.

दोन मॉड्यूल एकमेकांना यूज करत असतील तर ते फोर्ट्रानमध्ये चालतच नाही, आणि एफपीएम गोल फिरलेली साखळी सापडली असं नाव घेऊन सांगतं. आमच्याकडं पीक आणि झिरपा ह्यांचं तसं होतं, पिकाला ओल पाहिजे आणि झिरप्याला मुळांची खोली पाहिजे. दोघांना लागणारे टाईप तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढले की सुटतं. हे एफपीएमनं शिकवलं असं नाही म्हणणार, पण मेकच्या गोंधळात ते कधी दिसलंच नसतं.

आता अर्धा मार्क.

जुना कोड आणला की पहिला दिवस रडकुंडीला आणतो. एफपीएम मुळातच इम्प्लिसिट टायपिंग बंद ठेवतं, म्हणजे आय ते एन पासून सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक वगैरे जे जुन्या लोकांच्या हाताला बसलंय ते चालत नाही, आणि इंटरफेस नसलेल्या बाहेरच्या सबरूटीनला हाक मारलेली पण चालत नाही. सरांच्या फायलींमध्ये हे दोन्ही ठासून भरलेलं. पहिल्या बिल्डला एवढ्या एरर आल्या की मी लॅपटॉप मिटून ठेवला. उपाय आहे, टॉमलमध्ये फोर्ट्रान नावाचा एक भाग असतो, त्यात इम्प्लिसिट टायपिंग आणि इम्प्लिसिट एक्स्टर्नल ह्या दोन्हींपुढं ट्रू लिहायचं, पण हे नवख्या माणसाला कोण सांगणार, त्याला वाटतं टूलच खराब आहे आणि तो परत मेककडं जातो. माझं म्हणणं आहे की आधी ट्रू करून घ्या, कोड चालू द्या, आकडे जुन्या आकड्यांशी जुळवा, आणि मग एकेक फाईल साफ करत जा. मी तसंच केलं. साफ करताना एका ठिकाणी नावात एक अक्षर चुकलेलं सापडलं, कित्येक वर्षं ती ओळ शून्य मिसळत होती, नशीब की परिणाम बारीक होता. बंद ठेवायचा त्यांचा निर्णय बरोबर आहे हे मला तेव्हा पटलं, फक्त एररसोबत दोन ओळी समजावून सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरं म्हणजे बाहेरची मॉड्यूल. कोडात यूज नेटसीडीएफ (हवामानासारखा डेटा वाचायची लायब्ररी) असेल आणि ती लायब्ररी सिस्टिमवर आधीच बसवलेली असेल तर एफपीएम म्हणतं ह्या मॉड्यूलचा सोर्स सापडत नाही. त्याला टॉमलमध्ये एक्स्टर्नल मॉड्यूल्स म्हणून नाव द्यावं लागतं, आणि लिंक करायच्या लायब्ररीचं नाव वेगळं. लॅपॅक ह्या गणिताच्या लायब्ररीसाठी नुसतं लिंकमध्ये नाव दिलं की होतं कारण तिथं मॉड्यूल नाहीत. माझी ह्यात एक आखी दुपार गेली.

तिसरं, खालच्या मॉड्यूलमध्ये नुसती कॉमेंट बदलली तरी वरचं सगळं परत कंपाईल होतं. जीफोर्ट्रान स्वतः हुशार आहे, मॉड फाईलचा मजकूर बदलला नसेल तर जुनी फाईल तशीच राहू देतो, आणि सीमेक नावाचं दुसरं बिल्ड टूल त्याचा फायदा घेतं, एफपीएम घेत नाही. ३१ फायलींना काही वाटत नाही पण शेकडो फायली असल्या तर वाटेल. ह्याच्यावर भाषेतच एक उपाय आहे, सबमॉड्यूल, फोर्ट्रान २००८ मध्ये आलेले: मॉड्यूलमध्ये फक्त इंटरफेस ठेवायचा आणि अंमलबजावणी सबमॉड्यूलच्या फाईलमध्ये, मग आतलं गणित कितीही बदला, यूज करणाऱ्यांना हात लागत नाही. मी कर्व्ह नंबरचं गणित तसं वेगळं काढलं कारण त्याच्यातच रोज काहीतरी करायले असते, आणि एफपीएमला सबमॉड्यूल नीट कळतात.

सीमेकबद्दल दोन शब्द, कारण कुणीतरी विचारणारच. सीमेकला पण फोर्ट्रानची मॉड्यूल वाचता येतात, आणि २०२० च्या जानेवारीत निन्जाची (हे मेकच्या जागी वापरायचं वेगवान टूल) १.१० आवृत्ती आली तिच्यात बिल्ड चालू असतानाच अवलंबित्व शोधायची सोय झाली, त्यानंतर सीमेक आणि निन्जाची जोडी फोर्ट्रानसाठी लई वेगवान झाली. कोडात सी, सी प्लस प्लस मिसळलेलं असेल, मोठी संस्था असेल, तर तेच घ्या. पिकांच्या मॉडेलिंगचं काम करणारे बरेच जण डीएसएसएटी नावाचं पीक मॉडेल वापरतात, ते फोर्ट्रानमध्येच आहे आणि सीमेकनं बिल्ड होतं, तर ते शिकून वाया जाणार नाही. पण एकट्या माणसाला, पीएचडी करणाऱ्या पोरापोरींना, ज्यांना बिल्ड सिस्टिम शिकायला वेळ नाही आणि जूनच्या आत आकडे पाहिजेत, त्यांनी एफपीएमच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

मुख्य प्रोग्राम ॲपमध्येच ठेवा, एसआरसीमध्ये नको. आणि जे मॉड्यूल चाचण्यांना पण लागणार आहे ते ॲपमध्ये ठेवू नका, टेस्टला ते दिसत नाही, माझ्याकडून हे दोनदा झालं. सरांच्या जुन्या डॉट एफवाल्या फायली फिक्स्ड फॉर्ममध्ये, म्हणजे ठराविक रकान्यांत लिहायच्या जुन्या पद्धतीत होत्या, त्या तशाच एसआरसीत टाकल्या, टॉमलमध्ये सोर्स फॉर्मपुढं डिफॉल्ट लिहिलं की फाईलच्या शेपटावरून कंपायलर ठरवतो.

मागच्या आठवड्यात नांदेडच्या त्याच मैत्रिणीला परत कोड दिला, ह्या वेळी रब्बीच्या हरभऱ्याचा भाग घालून. गिटची लिंक पाठवली आणि म्हणलं एफपीएम रन मार. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, मी मनातून घाबरलेच, तर ती विचारायली होती की हरभऱ्याला पेरणीची तारीख कुठं बदलायची.